पॉम्पेई : खणणाऱ्यांचा इतिहास

१५९२ साली दक्षिण इटलीत, नेपल्सच्या जवळ, एका कालव्याचं काम सुरू झालं. सार्नो नदीचं पाणी तोरे अनुंत्सियाताच्या गिरण्यांपर्यंत न्यायचं होतं. आराखडा दोमेनिको फोंताना या नावाजलेल्या वास्तुविशारदाचा. सहाच वर्षांपूर्वी त्याने रोममध्ये सेंट पीटरच्या चौकात प्रचंड इजिप्शियन स्तंभ आणून उभा केला होता, तेव्हा माणूस जाणकार होता यात शंका नाही. कालव्याच्या वाटेत एक टेकाड आलं. फोंतानाने त्याच्या पोटातून बोगदा काढला. मजुरांच्या कुदळी भिंतींना लागल्या, रंगवलेले गिलावे निघाले, अक्षरं कोरलेले दगड निघाले. एका दगडावर तर गावाचं नावही होतं. ते वाचून लोकांनी ठरवलं की पॉम्पी नावाच्या रोमन सेनापतीची इथे एखादी हवेली असावी. कालवा एका अख्ख्या शहराच्या आरपार गेला, पाणी गिरण्यांना पोचलं आणि पुढची दीडशे वर्षं त्या टेकाडावर द्राक्षाचे मळे पिकत राहिले.

व्हेस्यूव्हियस फुटला आणि पॉम्पेई गाडलं गेलं, ही दोन दिवसांची हकीकत बहुतेकांना माहीत असते. त्यानंतर ते शहर माणसाने पुन्हा कसं उकरलं, कधी ओरबाडलं, कधी सांभाळलं, ही हकीकत पावणेतीनशे वर्षांची आहे आणि ती अजून चालू आहे. मला ती जास्त महत्त्वाची वाटते, कारण ज्वालामुखीने जे जपून ठेवलं त्यातलं पुष्कळसं खणणाऱ्यांच्या हातून नष्ट झालं, आणि जे कळलं तेही खणणाऱ्यांमुळेच कळलं.

आधी ते दोन दिवस. सन ७९. नेपल्सच्या आखाताच्या वायव्य टोकाला मिसेनुम इथे रोमन आरमाराचा तळ होता आणि त्याचा प्रमुख होता थोरला प्लिनी. हा नुसता सेनानी नव्हता. जगातल्या यच्चयावत गोष्टींची माहिती सदतीस भागांत मांडणारा 'नॅचरलिस हिस्टोरिया' हा ग्रंथ त्याने दोनच वर्षांपूर्वी पुरा केला होता. दुपारी एकच्या सुमारास त्याच्या बहिणीने त्याला आखातापलीकडे उठलेला विचित्र ढग दाखवला. उंच खोड आणि वर पसरलेल्या फांद्या, असा पाइन वृक्षाच्या आकाराचा. कुतूहल म्हणून त्याने हलकी नौका काढायला सांगितली. तेवढ्यात डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या रेक्टिना नावाच्या बाईची चिठ्ठी आली, की समुद्राखेरीज सुटकेला वाट नाही, आम्हाला वाचवा. मग त्याने मोठी गलबतंच बाहेर काढली. किनारा गाठता येईना, तेव्हा तो स्टाबिएला उतरला. तिथे घाबरलेल्या मित्राला धीर यावा म्हणून त्याने आंघोळ केली, जेवण केलं, झोपही काढली. पहाटेच्या सुमाराला लोक डोक्यावर उश्या बांधून किनाऱ्याकडे निघाले. प्लिनी तिथेच कोसळला आणि गेला.

हे सगळं आपल्याला त्याच्या भाच्यामुळे कळतं. धाकटा प्लिनी तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि मिसेनुमलाच थांबला होता. पुढे कित्येक वर्षांनी टॅसिटस या इतिहासकाराने विचारलं म्हणून त्याने दोन पत्रं लिहिली. त्या पत्रांत पॉम्पेई बुडाल्याची वार्ताही नाही. मामा, आई आणि स्वतः, एवढीच माणसं त्याच्या डोळ्यांसमोर आहेत. पॉम्पेईत काय झालं, याची साक्ष मातीने दिली.

तिथे आधी हलके, सच्छिद्र प्युमिस दगड बरसू लागले. तासाला साधारण पंधरा सेंटीमीटर या वेगाने सुमारे अठरा तास ते पडत राहिले. अंगण भरलं, दारं अडली, छपरं वजनाने खचली. या अवधीत पुष्कळ लोक निसटले असणार. शहराची वस्ती अकरा ते पंधरा हजारांच्या घरात मानली जाते आणि आजवर मिळालेले मृतदेह हजाराहून थोडे अधिक आहेत. जे घरात दडून राहिले, किंवा दगडांचा पाऊस ओसरला म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडले, त्यांच्यावर तापलेला वायू आणि बारीक राख यांचे लोट डोंगरावरून धावून आले. त्यातून कोणी वाचलं नाही. हर्क्युलेनियम हे शेजारचं लहान शहर तर वीसेक मीटर खोल गाडलं गेलं. बादशहा टायटसने मदतीसाठी अधिकारी नेमले आणि ज्यांचे वारस उरले नाहीत त्यांची मालमत्ता पुनर्वसनाला लावली. पण शहर पुन्हा वसलं नाही.

तारखेचा घोळ मात्र आजही संपलेला नाही. प्लिनीच्या पत्राच्या हस्तलिखितांत २४ ऑगस्ट येतो. खोदकामात मिळालेली डाळिंबं, मोठ्या रांजणांत भरून बंद केलेली नवी द्राक्षदारू, घरात पेटवलेल्या शेगड्या या खुणा शरद ऋतूकडे बोट दाखवतात. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने खरडलेली एक ओळ सापडली. तिच्यावर १७ ऑक्टोबरला येणारी तारीख आहे, पण साल नाही. त्या घराची डागडुजी चालू होती आणि कोळशाची अक्षरं फार काळ टिकत नाहीत, तेव्हा ती ७९ सालचीच असावी, असा एक पक्ष. कोळसा पुष्कळ टिकू शकतो, असा दुसरा. कोणा कामगाराने सहज खरडलेल्या ओळीवर अभ्यासकांचे दोन तट पडले आहेत.

आता खणणाऱ्यांकडे वळू. १७३८ मध्ये नेपल्सचा बोर्बन राजा चार्ल्स याने हर्क्युलेनियमला खोदकाम लावलं आणि दहा वर्षांनी पॉम्पेईला. काम पाहत होता रोके होआकीन दे अल्कुबिएरे हा स्पॅनिश लष्करी इंजिनिअर. राजाला हवे होते पुतळे आणि चित्रं, आणि अल्कुबिएरेने ते पुरवले. बोगदे खणायचे, हाती लागेल ते काढायचं, भिंतींवरची चित्रं करवतीने कापून पोर्तिचीच्या राजवाड्यात पाठवायची. जी चित्रं राजसंग्रहासाठी निवडली जात नसत, त्यांपैकी कित्येक फोडून टाकली गेली. हर्क्युलेनियममध्ये एका भिंतीवर ब्राँझच्या मोठ्या अक्षरांचा लेख मिळाला. लेख उतरवून न घेताच अक्षरं उचकटली, टोपलीत भरली आणि राजापुढे नेली. त्यात काय लिहिलं होतं हे कोणालाच सांगता येईना. विंकेलमान या जर्मन कला-इतिहासकाराने हा प्रकार युरोपभर छापून पसरवला आणि नेपल्सचा दरबार त्याच्यावर चिडला. पण विंकेलमानचा राग रास्त होता. अक्षरं होती तिथेच, होती त्या क्रमाने राहिली असती तर ती बोलली असती.

अल्कुबिएरेच्या हाताखाली कार्ल वेबर नावाचा स्विस इंजिनिअर होता. हर्क्युलेनियमच्या एका भव्य हवेलीत जळून कोळसा झालेल्या पपायरसच्या शेकडो गुंडाळ्या सापडल्या, तिचा आराखडा त्याने बोगद्यांच्या अंधारात काढला. कुठला पुतळा नेमका कुठे मिळाला, हेही त्यावर टिपलं. आज त्या हवेलीची रचना कळते ती या कागदामुळे. त्या गुंडाळ्या उलगडू जावं तर चुरा होतो, म्हणून त्या न उलगडता क्ष-किरणांनी आतून टिपून संगणकाच्या मदतीने वाचण्याची खटपट अलीकडे यशस्वी होऊ लागली आहे. २०२३ मध्ये त्यातला पहिला शब्द वाचला गेला तो एका विद्यार्थ्याकडून.

खोदतो आहोत ते पॉम्पेईच, हे नक्की ठरायला १७६३ साल उजाडलं. त्या वर्षी मिळालेल्या शिलालेखावर पॉम्पेईकरांच्या नगराचा स्पष्ट उल्लेख होता. तोवर सगळे त्याला स्टाबिए समजत होते. पुढे शहर युरोपातल्या श्रीमंतांच्या सहलीचं ठिकाण झालं. राजघराण्यातला कोणी पाहुणा आला की आधी काढलेल्या वस्तू पुन्हा मातीत पुरायच्या आणि त्याच्या डोळ्यांदेखत 'सापडवायच्या', असंही होऊ लागलं.

हे सगळं बदललं जुझेप्पे फिओरेल्लीने. नाण्यांचा अभ्यासक, राजकारणापायी बोर्बनांच्या तुरुंगात जाऊन आलेला हा माणूस. इटली एक झाल्यावर १८६३ मध्ये पॉम्पेईची सूत्रं त्याच्याकडे आली. रस्त्याकडून आत खणत गेलं की घराचा दर्शनी भाग कोसळतो, म्हणून त्याने वरून खाली, थराथराने खणायला लावलं. त्यामुळे पडलेलं छप्पर, माडीचा मजला, त्यावरचं सामान हे सगळं क्रमाने समजू लागलं. माती वाहायला रूळ टाकले. आत यायला तिकीट लावलं. शहराचे नऊ विभाग पाडले, विभागात चौक, चौकात दारं; प्रत्येकाला क्रमांक. पॉम्पेईतल्या कुठल्याही घराचा पत्ता आजही तीन आकड्यांत सांगतात तो त्याच पद्धतीने.

फिओरेल्लीचं नाव मात्र जगभर झालं ते वेगळ्याच गोष्टीने. राखेच्या थरात मजुरांना अधूनमधून पोकळ्या लागत. पोकळीत हाडं असत. राख अंगाभोवती घट्ट बसली, ती कडक झाली, आतलं शरीर कुजून गेलं, पण त्याचा साचा राखेत राहिला. १८६३ च्या फेब्रुवारीत एका गल्लीत अशा पोकळ्या लागल्या तेव्हा फिओरेल्लीने काम थांबवलं. पोकळीला भोक पाडून त्यात पातळ कालवलेलं प्लॅस्टर ओतलं. ते वाळेपर्यंत वाट पाहिली आणि मग भोवतालची राख हळूहळू काढली. आतून माणसं निघाली. अंगावर गोळा झालेल्या कपड्याच्या चुण्या, पायतणाचे बंद, चेहऱ्यावर धरलेला हात. सतराशे चौऱ्याऐंशी वर्षांनी त्यांना पुन्हा आकार मिळाला. १८७४ मध्ये एका घराच्या दाराशी साखळीने बांधलेला कुत्रा मिळाला. पाठीवर पडून तो पीळ खातो आहे आणि गळ्यातला पट्टाही स्पष्ट दिसतो. माणसांचे असे शंभराच्या आसपास साचे आज आहेत. कुदळ दोन हात पुढे गेली असती तर त्या पोकळ्या नुसत्या पोकळ्याच राहिल्या असत्या, आणि फिओरेल्लीच्या आधी शंभरेक वर्षं तेच होत आलं होतं.

तिथून पुढे साधी माणसं दिसू लागली. १८७५ मध्ये केसिलियुस युकुन्दुस या सावकाराच्या घरात लाकडी पाट्यांची पेटी मिळाली, दीडशेहून जास्त पाट्यांची. पाट्यांवर मेणाचा लेप द्यायचा, त्यात टोकदार सळईने लिहायचं, ही तेव्हाची वही. मेण गेलं, पण सळईचे ओरखडे लाकडावर उमटलेले राहिले. त्यावरून लिलावाच्या पावत्या वाचता आल्या: कोणी काय विकलं, किती आले, साक्षीदार कोण. आणि भिंती तर बोलघेवड्याच. निवडणुकीचा प्रचार भिंतींवर रंगवलेला आहे. अमुक उमेदवाराला फळवाल्यांचा पाठिंबा, तमुक उमेदवाराला सोनारांचा. वाटिया नावाच्या उमेदवाराला तर रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्यांचा, झोपाळूंचा आणि भुरट्या चोरांचाही पाठिंबा आहे, असं रंगवून ठेवलं आहे. ते विरोधकांचं काम असावं असं बहुतेकांचं मत. ज्यांच्या गल्लीत निवडणुका रंगतात त्यांना हे शहर परकं वाटणार नाही.

विसाव्या शतकात अमेदेओ मायुरी यांनी १९२४ ते १९६१ इतका प्रदीर्घ काळ इथला कारभार पाहिला. त्यांच्याच काळात, १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये, पहिला विभाग, आठवा चौक, पाचवं दार या पत्त्यावर, शहराच्या मुख्य बाजाररस्त्यावरच्या एका घरात हस्तिदंताची मूर्ती सापडली. उंची सुमारे पंचवीस सेंटीमीटर, तुकड्यांत मिळालेली आणि जोडलेली. उभी स्त्री, अंगावर वस्त्र जवळजवळ नाही पण दागिने भरपूर: गळ्यात हार, कमरेला मेखला, हातापायांत भरगच्च कडी. दोन्ही बाजूंना दोन लहान दासी, शृंगाराच्या वस्तू धरलेल्या. ही बाई रोमन नव्हती, हे पहिल्याच नजरेला कळत होतं. मायुरींनी तिला लक्ष्मी म्हटलं. आज पुष्कळ अभ्यासक तिला यक्षी मानतात. मस्तकातून खाली जाणारं छिद्र आहे, म्हणजे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लहानशा चौरंगाचा पाय असावी. बैठकीवर एक खरोष्ठी अक्षर असल्याचं सांगतात. नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ती आहे.

ती नेमकी कुठे घडली यावर मतभेद आहेत. अफगाणिस्तानातल्या बेग्रामच्या हस्तिदंती कामाशी तिचं नातं जोडतात. दुसरं नातं आपल्या दाराशी आहे. मराठवाड्यात भोकरदनला आणि तेरला तिच्या जवळच्या घडणीच्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाल्या आहेत. तेर म्हणजे 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासी-ग्रंथातलं तगर. ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये पटवून दिली. बरिगाझा म्हणजे भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं तो ग्रंथ सांगतो. तिथून गाड्यांवर लादलेलं कापड भडोचला जाई आणि पुढे जहाजांनी तांबड्या समुद्राला. आखातात प्राण गमावलेल्या त्याच थोरल्या प्लिनीने आपल्या ग्रंथात तक्रार नोंदवून ठेवली आहे, की हिंदुस्थान दर वर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो आणि तिथला माल इथे शंभरपट भावाने विकला जातो. त्या मालातला एक नग पॉम्पेईच्या मातीत राहिला. उलट वाटेने आलेला मालही आहे: कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४ मध्ये ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला, त्यात रोमन समुद्रदेवाची मूर्ती आहे.

मायुरी मोठे अभ्यासक होते यात वाद नाही. तरी त्यांच्या अखेरच्या दहा वर्षांबद्दल मला चांगलं लिहिता येत नाही. युद्धानंतर १९५१ पासून खोदकामाचा सपाटा लागला. शहरातून निघालेली ज्वालामुखीची माती नेपल्स-सालेर्नो महामार्गाच्या भरावाला वापरली गेली. रस्त्याला माती हवी होती म्हणून घरं उघडली गेली. नोंदी अपुऱ्या राहिल्या, छप्परं घातली गेली नाहीत. त्याआधी १९४३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दोस्तांच्या विमानांनी दीडशेहून जास्त बॉम्ब याच शहरावर टाकले होते आणि तिथल्या संग्रहालयाची इमारतही त्यात सापडली होती. १९८० च्या भूकंपाने आणखी भिंती खिळखिळ्या केल्या. जे सतराशे वर्षं मातीखाली धड होतं, ते उघडं पडल्यावर ऊन, पाऊस, गवताची मुळं आणि पर्यटकांचे पाय यांनी झिजू लागलं. ६ नोव्हेंबर २०१० ला सकाळी, मुख्य रस्त्यावरची स्कोला आर्मातुरारुम ही इमारत पावसाने ढासळून जमीनदोस्त झाली. इटलीभर संताप उसळला. युरोपीय संघाच्या मदतीने १०.५ कोटी युरोंची योजना आखली गेली.

गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांतून आलेले पॉम्पेईचे जे ठळक शोध आहेत, त्यातले पुष्कळसे या दुरुस्तीतून निघाले आहेत. शहराचा साधारण एकतृतीयांश भाग अजून खणलेला नाही. खणलेला भाग जिथे संपतो तिथे न खणलेल्या मातीच्या उभ्या कडा जुन्या भिंतींवर रेलतात, पावसाने भिजल्या की भिंती ढकलतात. त्या कडा उतरत्या करणं भाग होतं. ते करताना २०१८ पासून पाचव्या विभागात नवी घरं उघडी पडली. लगतच्या एका कोपऱ्यावरची खाणावळ २०२० मध्ये पूर्ण मोकळी झाली. दगडी ओटा, त्यात बसवलेले मोठे रांजण, ओट्याच्या दर्शनी बाजूला रंगवलेला कोंबडा, उलटी टांगलेली दोन बदकं आणि साखळीने बांधलेला कुत्रा. पूर्वीच्या काळी रांजण रिकामे करून पुसले असते. या वेळी तळाचा गाळ प्रयोगशाळेत गेला. बदकाचं हाड निघालं. डुक्कर, शेळी-मेंढी, मासा आणि गोगलगाय यांचे अवशेष निघाले, त्यातले काही एकाच भांड्यात शिजवल्यासारखे. दारूच्या रांजणात घेवड्याच्या जातीच्या बियांचं पीठ मिळालं. दारूचा रंग आणि चव सुधारायला ते घालत, असं रोमन पाककृतींत आहेच.

मला सर्वांत जास्त थांबवते ती चिविता जुलियानाची खोली. हे ठिकाण शहराच्या तटाबाहेर, वायव्येला. तिथे एक हवेली आहे हे चोरांना आधी कळलं होतं. आसपासच्या घरांखालून ऐंशी मीटरहून लांबीचे बोगदे काढून ते वर्षानुवर्षं माल काढत होते. सरकारी वकील आणि पुरातत्त्व खातं यांनी मिळून २०१७ पासून तिथे खोदकाम सुरू केलं. खोगीर-लगामासकट घोडे मिळाले. २०२१ च्या सुरुवातीला ब्राँझच्या नक्षीची चारचाकी शोभायात्रेची गाडी मिळाली. चोरांचे बोगदे तिच्या दोन्ही अंगांनी अगदी निसटते गेले होते. गाडीचे फोटो जगभर छापले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शेजारची खोली उघडली.

सोळा चौरस मीटर. भिंती नागड्या, चित्र नाही, गिलाव्याचा रंग नाही. वर एक लहानशी खिडकी. तीन खाटा, लाकूड आणि सुतळी कधीच गेली, पण त्यांचे साचे राखेत राहिले, म्हणून प्लॅस्टर ओतल्यावर सुतळीची वीण आणि वर टाकलेल्या पांघरुणाच्या घड्यासुद्धा उमटल्या. दोन खाटा एक मीटर सत्तर सेंटीमीटरच्या, तिसरी एक मीटर चाळीसची. ती लहान मुलाची असणार. खाटांखाली खाजगी चीजवस्तू, मडकी, शौचाचं भांडं. कोपऱ्यात मोठमोठे कुंभ, मधे घोड्याच्या साजाची पेटी, एका खाटेवर गाडीचा दांडा टेकवलेला. म्हणजे ही झोपायची खोलीही आणि अडगळीचीही. भिंतीवर दिव्यासाठी ठोकलेला खिळा आणि प्रकाश जरा जास्त पसरावा म्हणून त्याच्याभोवती लावलेला पांढऱ्या रंगाचा चौकोन. तिथे हवेलीतले गुलाम राहत, बहुधा एक कुटुंब. रोमन लेखकांनी गुलामांविषयी पुष्कळ लिहिलं, पण गुलामाने स्वतःची खोली कशी होती हे लिहून ठेवल्याचं मिळत नाही. त्या कुटुंबाबद्दल आपल्याजवळ जे आहे ते एवढंच, आणि ते कोणी पुतळे शोधायला घाईने खणलं असतं तर एवढंही उरलं नसतं. तिथे विकण्याजोगं काहीच नव्हतं.

२०२३ मध्ये नवव्या विभागात निघालेली भटारखान्याची जागा याच जातीची. खिडक्या उंचावर, लहान, लोखंडी गजांच्या. बाहेर पडायचं दार फक्त मालकाच्या घरातून. जात्यांभोवतीच्या फरशीत अर्धवर्तुळाकार खोबणी कोरलेल्या, गाढवांची आणि माणसांची पावलं ठराविक ठिकाणी पडावीत म्हणून. पलीकडच्याच खोल्यांत बांधकाम चाललेलं होतं. चुन्याचे ढीग, रचलेल्या कौलांच्या चवडी, हत्यारं जागच्या जागी. त्या ढिगांच्या अभ्यासातून आता दिसलं आहे की रोमन गवंडी न विरवलेला चुना आणि ज्वालामुखीची राख कोरडीच मिसळून मग पाणी घालत. त्यामुळे त्यांच्या काँक्रीटमध्ये चुन्याचे खडे राहतात आणि भेग पडली की तेच विरघळून ती भरून काढतात. रोमन बांधकामं दोन हजार वर्षं उभी का राहिली, याचं एक कारण अर्धवट राहिलेल्या दुरुस्तीने दाखवलं.

जुन्या वस्तूंनाही आता नवे प्रश्न विचारले जात आहेत. १९७४ मध्ये एका संपन्न घराच्या जिन्याखाली चौघे जण मिळाले होते. त्यातल्या एका मोठ्या माणसाच्या हातात सोन्याचं जड कडं आणि मांडीवर मूल. पन्नास वर्षं सगळे त्या जोडीला आई आणि लेकरू म्हणत आले. २०२४ च्या नोव्हेंबरात प्लॅस्टरमध्ये अडकलेल्या हाडांच्या डीएनए तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कडं घातलेला तो पुरुष होता आणि मुलाशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं. 'दोन बहिणी' किंवा आई-मुलगी म्हणून दाखवल्या जाणाऱ्या मिठीतल्या जोडीपैकीही एक पुरुषच ठरला. मला हे वाचून त्या माणसाविषयी अधिकच जिव्हाळा वाटला. डोंगर फुटत असताना परक्याचं मूल त्याने जवळ घेतलं होतं, किंवा त्या मुलाने त्याचा आसरा घेतला होता.

उरलेला एकतृतीयांश भाग मातीखाली ठेवायचा, हे आता जवळपास सर्वमान्य धोरण आहे. मला ते पूर्ण पटतं. फिओरेल्लीच्या हाती प्लॅस्टर होतं, अल्कुबिएरेच्या हाती नव्हतं. आज डीएनए आहे, मायुरींच्या वेळी नव्हता. शंभर वर्षांनंतरच्या माणसांच्या हाती काय असेल ते त्यांच्यासाठी राखून ठेवायला हवं.

आणि शेवटी आपल्याकडचं. धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर आजही नांदतं गाव आहे. गोरोबाकाकांचं म्हणून वारकरी तिथे जातात, विटांचं प्राचीन त्रिविक्रम मंदिर पाहायला अभ्यासक जातात. सातवाहनकाळचं तगर त्याच गावाच्या पोटात, पांढरीच्या टेकाडांत आहे. रामलिंगप्पा लामतुरे या गावकऱ्याने गावात सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं गोळा केल्या आणि सांभाळल्या, म्हणून आज तिथे त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय उभं आहे. पॉम्पेईच्या यक्षीची बहीण शोभेल अशी तेरची हस्तिदंती मूर्ती त्याच संग्रहातली. नेपल्सला जाणं प्रत्येकाला जमणार नाही, तेरला जमेल. जरूर जा, मुलांना घेऊन जा. आणि तेर, पैठण, भोकरदन, जुन्नर किंवा अशा कुठल्याही जुन्या गावात पाया खणताना, विहीर काढताना, नांगराच्या फाळाला खापर, मणी, नाणं, मूर्ती लागली, तर ती उचलून घरात नेऊ नका, विकू तर नकाच. होती तिथे राहू द्या, फोटो काढा आणि तहसील कार्यालयात किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.